सापाला खायला काय द्यायचं? आधी कुठला साप ते सांगा

श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातलं उसाचं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली स्थापलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे या नावाला साखरेचा वास लागला, तो आजच्या पांडुरंग सहकारी साखर कारखान्यापर्यंत टिकून आहे. ऊस आला की उंदीर आणि घुशी येतात, त्यांच्यामागे साप येतात. तोडणी सुरू झाली आणि फडाचा शेवटचा पट्टा राहिला की आतलं सगळं जित्राब बांधाकडे पळतं. त्यात एखादी धामण किंवा तस्कर साप पोत्यात नाहीतर प्लॅस्टिकच्या ड्रमात जातो. झाकणाला भोकं पाडून झाली की पहिला प्रश्न ठरलेला: आता याला खायला काय घालायचं?

उत्तरं तयारच असतात. कुणी वाटीभर दूध आणतं, कुणी कोंबडीचं अंडं, कुणी मटणाचे तुकडे. सगळ्यांचा हेतू चांगला असतो, पण यातलं काहीच त्या सापाच्या कामाचं नसतं.

दुधाचं आधी उरकून टाकू, कारण तोच समज सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट. साप सस्तन प्राणी नाही. कुठल्याही सापाचं पिल्लू आईचं दूध पीत नाही, त्यामुळे दूध पचवण्याची सोय त्याच्या पोटात नसते. मग नागपंचमीला पितो तो कसा? गारुड्यानं त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं. तहानेनं व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल ते ओलं ओढून घेतो. त्यातलं काही श्वासनलिकेत जातं, फुप्फुसाला संसर्ग होतो आणि साप पुढे काही दिवसांनी, गारुडी दुसऱ्या गावाला गेल्यावर, मरतो. दूध पाजणाऱ्याला ते कधी कळत नाही, म्हणून समज टिकतो. बत्तीस शिराळ्यात जिवंत नाग पकडून पूजण्यावर न्यायालयानं बंधनं घातली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण वाटीतलं दूध अजून घरोघरी आहेच.

धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून आचळं पिते, ही त्याचीच पुढची आवृत्ती. सापाला ओठ नाहीत, गाल नाहीत. चोखायला लागणारी पोकळी तोंडात तयारच होत नाही. दात सुईसारखे आणि आत वळलेले. ते आचळाला लागले तर म्हैस शांत उभी राहणार नाही, लाथ घालील. धामण गोठ्यात येते ती कडब्यातल्या आणि पेंडीच्या पोत्यांमागच्या उंदरांसाठी. सकाळी म्हशीनं दूध कमी दिलं आणि रात्री गोठ्यात धामण दिसली होती, एवढ्यावर बिचारीवर आळ येतो.

अंड्याचं प्रकरण जरा वेगळं आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. खुराड्यात शिरलेला नाग अंडी किंवा पिल्लं गिळतो, हे अनेकांनी पाहिलेलं असतं. पण त्यावरून ‘सापाला अंडं चालतं’ असा सरसकट नियम होत नाही. ड्रमात बसलेल्या कवड्यासमोर अंडं ठेवलं तर ते तिथंच कुजेल. कवड्याचं खाणं म्हणजे भिंतीवरच्या पाली. म्हणूनच तो घरात सापडतो, आणि मण्यार समजून मारला जातो. फक्त पक्ष्यांच्या अंड्यांवर जगणारा एक साप आपल्याकडे खरोखर आहे, अंडीखाऊ साप. फार दुर्मिळ मानला गेलेला हा साप या शतकाच्या सुरुवातीला विदर्भात आढळला, तेव्हा अभ्यासकांना केवढा आनंद झाला होता. त्याच्या तोंडात दात अगदी थोडे असतात; अंडं गळ्यात उतरलं की पाठीच्या मणक्यांची आत आलेली टोकं कवच फोडतात. अशी रचना ज्याच्याकडे नाही त्याच्यापुढे अंडं ठेवून काय उपयोग?

इथंच मूळ घोळ आहे. आपण ‘साप’ म्हणतो आणि एकाच प्राण्याची कल्पना करतो. श्रीपूरच्या आसपासचंच उदाहरण घ्या. धामण उंदीर, बेडूक, पक्षी, काय मिळेल ते खाते. मोठी घोणस मुख्यतः उंदरांवर असते, पण तिची पिल्लं पाली आणि सरड्यांवर वाढतात. कालव्याच्या कडेची दिवड मासे आणि बेडूक खाते; नानेटी बेडकांवर. कुंडीखाली सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्यांची अंडी, अळ्या आणि वाळवी खातो; त्याला उंदीर दाखवणं हा विनोदच. मांडूळ जमिनीखाली दबा धरून उंदीर आवळते. दोन तोंडांच्या आणि गुप्तधनाच्या खुळ्या कल्पनांपायी तिची तस्करी होते, आणि तस्करांच्या डब्यात ती कणिक नाहीतर खिमा समोर घेऊन उपाशी मरते. मण्यार तर इतर साप खाते. दोन साप एकाच पोत्यात भरू नका, असं जाणते सर्पमित्र बजावतात ते उगीच नाही: सकाळी पोत्यात एकच असतो आणि तो जरा जाड झालेला असतो.

परळच्या हाफकिन संस्थेत प्रतिसर्पविषासाठी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष काढलं जातं. चौघं ‘विषारी’ या एकाच शब्दात मावतात, खाण्यात मात्र मावत नाहीत. फुरसं निसर्गात विंचू, गोमा, किडे, सरडे असं बारीकसारीक खातं; मण्यारीचं आत्ताच सांगितलं; नागाला उंदीर, भेक आणि इतर सापही चालतात. ज्याला साप जगवायचे आहेत त्याला या प्रत्येकाची आवड वेगळी सांभाळावी लागते.

परदेशात लोक हौसेनं पाळतात त्या हॉगनोज सापाची गोष्ट या मुद्द्यावर फार बोलकी आहे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळांवरचा हा छोटा, जाडसर साप. नाकाचा शेंडा डुकरासारखा वर वळलेला, माती उकरून आत बसलेले भेक काढायला. भेकाच्या कातडीतलं विष बहुतेक प्राण्यांना बाधतं, याला नाही. डिवचलं तर मान पसरून फुत्कारतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर उताणा पडून, तोंड उघडं टाकून मेल्याचं सोंग घेतो. त्याची पूर्वेकडची जात जवळपास भेकांवरच जगते. पश्चिमेकडची जात उंदीर, सरडे, अंडी असं थोडंबहुत सगळं खाते, म्हणून पाळायला तीच निवडतात. तरी अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू उंदराच्या गुलाबी, बिनकेसांच्या पिल्लाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या लेखी ते अन्नच नसतं. मग पाळणारे एक युक्ती करतात: उंदराच्या मेलेल्या पिल्लाचं नाक भेकाच्या अंगावर घासतात, किंवा डब्यातल्या ट्यूना माशाच्या पाण्यात बुडवतात. सापाची जीभ दोनदा-तीनदा बाहेर येते, वास ओळखीचा लागतो, आणि तो घास घेतो. पुढच्या खेपांना वास हळूहळू कमी करत नेतात, शेवटी नुसता उंदीर चालू लागतो.

आपल्याकडे याच धाटणीचा एक साप आहे, हिरवा गवत्या. तोही भेक खातो, तोही डिवचला की नागासारखी मान चपटी करतो आणि त्यापायी नाग समजून मार खातो. नात्यानं दोघं दूरचे. खाणं मात्र मिळतंजुळतं.

‘मटण काय नि उंदीर काय, मांसच ना?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण त्याचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. साप सावज अख्खं गिळतो. हाडांतून कॅल्शियम, यकृतातून जीवनसत्त्वं, पोटातल्या अवयवांतून बाकीचं. नुसत्या बोनलेस तुकड्यांवर ठेवलेला साप काही महिन्यांत खंगतो. मासे खाणाऱ्या दिवडीला रोज एकाच जातीचे मासे दिले तर वेगळीच पंचाईत होते: गोल्डफिशसारख्या काही माशांत ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, आणि अशा खाण्यावर सापाला झटके येऊ लागतात. शेतातले बेडूक-उंदीर आणून द्यावेत तर त्यांत जंत असतात, आणि फवारणीचं किंवा उंदीरनाशकाचं विष असण्याची भीती ऊसपट्ट्यात तरी नेहमीचीच.

सावज जिवंतच हवं, हाही एक समज. बंद पेटीत सोडलेला उंदीर गप्प मरत नाही. सापाला भूक नसली तर तोच सापाला कुरतडतो. पाठीचं मांस मणक्यापर्यंत खाल्लेले साप पशुवैद्यांकडे येतात. म्हणून जाणकार गोठवलेले उंदीर वापरतात. ते आधी पूर्ण वितळवायचे, मग कोमट पाण्यात धरून अंगाइतके गरम करायचे आणि लांब चिमट्यानं शेपटीकडून धरून सापासमोर हळू हलवायचे. साप डोक्याकडून धरतो, क्षणभर थांबतो, मग एकेक जबडा पुढे सरकवत गिळतो. सावज किती मोठं? साधारण सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाइतकं, त्याहून फार जास्त नाही. गिळल्यावर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, नाहीतर ओकतो. आणि ऊब हवी. सापाचं पचन बाहेरच्या तापमानावर चालतं. गार फरशीवर ठेवलेल्या सापाच्या पोटात उंदीर पचण्याआधी सडतो.

राहता राहिलं उपाशीपणाचं. ‘चार दिवस झाले, काही खाल्लं नाही, मरेल आता.’ आपण अन्न जाळून अंग ऊबदार ठेवतो, साप तो खर्च करतच नाही. वाढत्या पिल्लाला पाच-सात दिवसांनी घास लागतो, मोठ्या सापाला आठ-पंधरा दिवसांनी एकदा पुरतो, मोठा अजगर एका जेवणावर महिने काढतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात तेव्हा बहुतेक साप तोंड फिरवतात. हॉगनोजचे नर तर विणीच्या दिवसांत अनेक आठवडे खात नाहीत आणि नवखे मालक हवालदिल होतात. त्यापेक्षा जास्त साप अतिखाण्यानं बिघडतात: कोंडलेला साप हिंडत नाही, पण उंदीर मात्र आठवड्याला येत राहतो.

हे सगळं वाचून कुणी ड्रमातली धामण पाळायला निघू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालापासून आहे, आणि आपल्याकडचे साप पकडणं, बाळगणं त्याखाली गुन्हा ठरतं, मग तो बिनविषारी का असेना. फडात किंवा घरात साप निघाला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन लावावा किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवावं. ते येईपर्यंत त्याला खाऊ घालण्याची काहीही गरज नाही. एका रात्रीत, दोन दिवसांत कुठलाही धडधाकट साप भुकेनं मरत नाही. मरतो तो उन्हात ठेवलेल्या बंद डब्यात. पोटात घास असताना सोडला तर त्याला पळताही येत नाही, भीतीनं तो ओकूनच टाकतो.

खाऊ घालण्याचा प्रश्न खरा येतो तो जखमी सापाच्या बाबतीत. ऊसतोडणी यंत्रात, नांगराच्या फाळात किंवा जाळीत सापडलेला साप आठवडाभर तरी उपचाराला ठेवावा लागतो. तिथंही क्रम ठरलेला: आधी सावली, ऊब आणि उथळ भांड्यात साधं पाणी, मग पशुवैद्याची तपासणी, जखम भरत आल्यावर, आणि साप कुठला ते नक्की झाल्यावरच, पहिला छोटा घास.