सर्व्हरची नवी चौकट आणि तिचे शिक्षण

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. ह्या दोन रस्त्यांच्या नावांतील इंग्रजी आद्याक्षरांवरूनच तिला हे नाव पडले. बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेल्या ह्या वसाहतीचे सात सेक्टर असून तिच्या कडेला आगरा तळे आहे. मुळात ही राहण्यासाठी वसविलेली वस्ती. परंतु अलीकडच्या काळात तिच्या इमारतींच्या मजल्यांवर सॉफ्टवेअरचा उद्योग करणाऱ्या अनेक लहानमोठ्या कंपन्यांनी आपली कार्यालये थाटली आहेत. येथे चक्रांचा खडखडाट ऐकू येत नाही की धुराडे दिसत नाही. तथापि कारखान्यात जुने यंत्र काढून नवे बसविताना कामगारांना जसे नव्याने शिकवावे लागते, तसा प्रसंग ह्या कार्यालयांतही वारंवार येतो.

अशा एका कार्यालयाची वाचकाने कल्पना करावी. तेथे आठ प्रोग्रॅमर काम करीत आहेत. एका रुग्णालयातील रुग्णांना तपासणीची वेळ नेमून देणारी आणि त्यांचे अहवाल दाखविणारी आज्ञावली त्यांच्या देखरेखीखाली आहे. ती पंधरा वर्षांपूर्वी लिहिली गेली. आता ती नव्या पद्धतीच्या सर्व्हर-फ्रेमवर्कवर न्यावयाची आहे. ह्या स्थलांतरात चूक झाली, तर एकच वेळ दोन रुग्णांना दिली जाईल, किंवा एकाचा अहवाल दुसऱ्याच्या पडद्यावर उमटेल. म्हणून ह्या आठ जणांना काय शिकवावे आणि कोणत्या क्रमाने शिकवावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

विनंती आणि उत्तर

वेबची सर्व रचना एका साध्या व्यवहारावर उभी आहे. वाचकाच्या संगणकातील किंवा मोबाइलमधील ब्राउझर दूरच्या एका संगणकाकडे विनंती पाठवितो. तो दूरचा संगणक उत्तर पाठवितो. विनंत्यांना उत्तरे देणाऱ्या ह्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमारास जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत ही योजना आखली, तेव्हा तिच्यात एक विशेष नियम पाळला गेला. उत्तर देऊन झाले की तो व्यवहार संपला. पुढची विनंती आली असता मागची कोणाची होती, याची आठवण मूळ योजनेत ठेवलेली नाही. खिडकीशी बसलेला एखादा कारकून चेहरे मुळीच लक्षात ठेवीत नाही, असे समजावे. त्याच्यापुढे प्रत्येक वेळी अर्ज पूर्ण भरून आणावा लागतो, अथवा पूर्वीच्या अर्जाचा क्रमांक दाखवावा लागतो.

विनंती वाचणे, पाठविणाऱ्याची ओळख पटविणे, डेटाबेसमधून माहिती काढणे, उत्तराचे पान रचणे ही कामे जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळाला करावी लागतात. ती दर वेळी नव्याने लिहिण्याऐवजी एकदाच नीट रचून ठेविली आणि प्रोग्रॅमरने केवळ आपल्या व्यवसायाचा विशिष्ट भाग तिच्यात बसविला, तर श्रम वाचतात. अशा तयार सांगाड्याला फ्रेमवर्क, म्हणजे चौकट, म्हणतात. २००४ साली रेल्स आणि २००५ साली जँगो ह्या चौकटी जगापुढे आल्या. त्यांपैकी जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला, ही गोष्ट मनोरंजक आहे.

जुन्या चौकटीने काय झाकले होते

कल्पनेतील आपल्या आठ प्रोग्रॅमरांची जुनी चौकट म्हणजे मायक्रोसॉफ्टची वेब फॉर्म्स. २००२ च्या आरंभी ती एएसपी डॉट नेट ह्या संचातून प्रसिद्ध झाली. तिचा हेतू समजून घेण्यासाठी आणखी थोडे मागे जावे लागते. १९९१ पासून व्हिज्युअल बेसिक ह्या साधनाने असंख्य लोकांना आज्ञावली लिहिण्याची एक सोपी रीत शिकविली होती. पडद्यावर बटण मांडावे आणि बटण दाबल्यावर काय घडावे ते लिहावे. बाकी सर्व आज्ञावली लक्षात ठेवी, कारण ती एकाच संगणकात सतत चालू असे.

ह्या लोकांना वेबवर आणावयाचे होते, परंतु वेब तर विसराळू. तेव्हा वेब फॉर्म्सच्या कर्त्यांनी एक युक्ती योजिली. पानाची सर्व स्थिती एका सांकेतिक मजकुरात गुंडाळून ती पानातच लपवावयाची आणि प्रत्येक विनंतीबरोबर परत मागवावयाची. ह्या लपविलेल्या मजकुराला व्ह्यूस्टेट म्हणतात. जणू त्या विसराळू कारकुनाने आपल्या टेबलावरचे सर्व कागद पाकिटात घालून अर्जदाराच्या हाती द्यावे, आणि अर्जदाराने आत काय आहे हे न जाणता ते दर खेपेस परत आणावे. प्रोग्रॅमरला मात्र सर्व्हरला सारे आठवते असाच भास होई.

ही युक्ती उपयुक्त होती यात शंका नाही. तिच्यामुळे हजारो लोकांना वेबची कामे करता आली. परंतु पाकीट जड होत गेले. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की पाकीट आहे हेच पुष्कळांना कळले नाही. जून २०१६ मध्ये एएसपी डॉट नेट कोअर ही नवी चौकट आली तेव्हा तिच्यात वेब फॉर्म्सचा समावेश केलेला नव्हता. जुनी चौकट एकाएकी बंद पडली असे नाही. विंडोजवर ती आजही चालते. मात्र नवी भर नव्या चौकटीत पडते, आणि नवी चौकट विंडोजप्रमाणेच लिनक्सवरही चालते.

नव्या चौकटीत विसरणे उघड आहे. येथेच पहिला धोका संभवतो. जुन्या सवयीचा प्रोग्रॅमर हरवलेल्या पाकिटाच्या जागी स्वतःचे पाकीट तयार करतो. रुग्णाचा क्रमांक पानातील एका लपविलेल्या रकान्यात ठेवतो आणि परत आलेल्या क्रमांकावर विश्वास टाकतो. व्ह्यूस्टेटवर चौकटीची मोहोर असे. मध्ये कोणी फेरफार केला तर ती मोहोर जुळत नसे. ह्या घरगुती पाकिटावर तशी मोहोर नाही. ब्राउझरमधील रकाना बदलणे हे शाळकरी मुलासही जमण्याजोगे काम आहे. क्रमांक बदलला की दुसऱ्याचा अहवाल पुढे येतो. म्हणून शिकवणाराने प्रथम सांगावे ते हे : जे ब्राउझरकडून आले, ते परक्याकडून आले असे मानावे, आणि हा अहवाल मागणारास तो पाहण्याचा अधिकार आहे काय, हे प्रत्येक वेळी सर्व्हरवर पडताळावे.

थांबण्याची रीत

दुसरा फरक वाट पाहण्याच्या रीतीचा आहे. तो समजण्यास उडुपी हॉटेलाचा दृष्टान्त पुरेसा आहे. समजा, एका हॉटेलात दहा वाढपी आहेत. प्रत्येक वाढपी गिऱ्हाइकाची मागणी घेतो, स्वयंपाकघराच्या खिडकीशी जातो आणि डोसा तयार होईपर्यंत तेथेच उभा राहतो. अकरावे गिऱ्हाईक आले, तर दहा वाढपी असूनही त्याच्याकडे पाहावयास कोणी नाही. आणि ते दहाही जण काम करीत नसून केवळ उभे आहेत. शहाणा मालक सांगेल, की चिठ्ठी खिडकीत ठेवा आणि दुसऱ्या टेबलाकडे वळा. डोसा झाला की जो मोकळा असेल त्याने तो न्यावा.

सर्व्हरमध्ये वाढप्याच्या जागी थ्रेड असतो आणि स्वयंपाकघराच्या जागी डेटाबेस. एका विनंतीस २०० मिलिसेकंद लागतात, त्यांत प्रत्यक्ष काम १० मिलिसेकंदांचे व उरलेले १९० डेटाबेसची वाट पाहण्याचे, असे मानू. वाट पाहत उभा राहणारा थ्रेड सेकंदाला ५ विनंत्या पुऱ्या करील. असे दहा थ्रेड ५० करतील. उभा न राहणारा एक थ्रेड मात्र सेकंदात १०० विनंत्यांचे काम उरकू शकेल, आणि दहा थ्रेड १,०००. अर्थात प्रोसेसर आणि डेटाबेस यांना तेवढा भार सोसला तर. येथे एक गैरसमज टाळावा. कोणत्याही एका गिऱ्हाइकाचा डोसा यामुळे लवकर होत नाही. त्याचे २०० मिलिसेकंद तेवढेच राहतात. वाढते ती एकूण क्षमता.

जुन्या चौकटीत उभे राहण्याचा प्रघात होता. नवी चौकट चिठ्ठी ठेवून वळण्याच्या रीतीवर रचलेली आहे. सी शार्प भाषेत त्यासाठी असिंक आणि अवेट हे दोन शब्द २०१२ पासून आहेत. शब्द पाठ होण्यास एक सकाळ पुरते. सवय जाण्यास फार दिवस लागतात. एखाद्या आडबाजूच्या ओळीत ‘उत्तर येईपर्यंत येथेच थांब’ अशा अर्थाची आज्ञा राहून जाते. चाचणी घेणारा एकटाच असतो, तेव्हा सर्व सुरळीत दिसते. सकाळी नऊ वाजता शेकडो रुग्ण एकाच वेळी नोंदणी करू लागले, की सारे वाढपी खिडकीशी खोळंबतात आणि सर्व्हर गप्प होतो. सबब हा दोष वर्गात मुद्दाम घडवून दाखवावा. खोटी गर्दी निर्माण करणारी साधने उपलब्ध आहेत; त्यांच्या साहाय्याने ठप्प झालेला सर्व्हर एकदा डोळ्यांनी पाहिला म्हणजे तो धडा सहसा विसरत नाही.

आधी ओळख, मग परवानगी

नव्या चौकटीत प्रत्येक विनंती एका रांगेतून जाते. रांगेतील प्रत्येक टप्प्यास मिडलवेअर म्हणतात. एक टप्पा चुकांची नोंद करतो, एक मागणाराची ओळख पटवितो, एक त्याचा अधिकार तपासतो. अखेरीस विनंती प्रत्यक्ष कामापर्यंत पोहोचते. हे टप्पे प्रोग्रॅमरने ज्या क्रमाने लिहिले, त्याच क्रमाने चालतात. ओळख पटण्यापूर्वीच अधिकार तपासावयास सांगितले, तर अधिकार कोणाचा तपासावा हेच ठाऊक नसते. जुन्या चौकटीत बराचसा क्रम आतच ठरलेला असे. आता तो स्वतः लिहावा लागतो. तेव्हा विद्यार्थ्याने एका विनंतीचा प्रवास आरंभापासून अंतापर्यंत कागदावर काढावा. ज्याला हे चित्र काढता येते, त्याला चौकट समजली असे म्हणण्यास हरकत नाही.

बदल कशासाठी

जुने चालत असता ते मोडावे कशाला, असा प्रश्न विचारणारे लोक प्रत्येक कार्यालयात असतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर २०१७ सालच्या एका घटनेत मिळते. ७ मार्च २०१७ रोजी स्ट्रट्स ह्या जावा भाषेतील चौकटीतला एक गंभीर दोष व त्यावरील दुरुस्ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील इक्विफॅक्स ह्या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीच्या एका संकेतस्थळावर ती दुरुस्ती बसविली गेली नाही. मे महिन्यापासून चोरांनी त्या फटीतून प्रवेश केला आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खाजगी माहिती त्यांच्या हाती गेली. येथे दुरुस्ती तयार होती, तरी ती बसविली न गेल्यामुळे एवढा अनर्थ झाला. ज्या चौकटीच्या दुरुस्त्या करणारेच कोणी उरले नाही, तिच्यावर उभी असलेली आज्ञावली याहूनही अधिक असुरक्षित असते.

वडाची रीत

बदल करावयाचा तो एका रात्रीत करू नये. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले वडाचे बी ताडाच्या खोडावर रुजते, त्याची मुळे हळूहळू खाली उतरून खोडाला वेढतात, आणि कालांतराने ताड जाऊन वड उभा राहतो. आपल्याकडे हे दृश्य गावोगाव दिसते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये याच जातकुळीची झाडे पाहून मार्टिन फाउलर ह्या संगणकतज्ज्ञाने २००४ साली आज्ञावलीच्या स्थलांतरास हीच उपमा दिली. जुन्या आणि नव्या आज्ञावलींपुढे एक द्वारपाल बसवावयाचा. आरंभी तो सर्व विनंत्या जुनीकडे पाठवितो. मग एक पान नव्या चौकटीत तयार झाले, की तेवढ्यापुरत्या विनंत्या नवीकडे वळवितो. चूक आढळली तर ते पान पुन्हा जुनीकडे वळविता येते. अखेरीस जुनीकडे काही उरत नाही, तेव्हा ती बंद करावी.

शिकण्याच्या दृष्टीने ह्या रीतीचा लाभ मोठा आहे. प्रशिक्षण म्हणजे आठ दिवसांचा वर्ग आणि नंतर एकदम परीक्षा, असे न राहता प्रत्येक पान हा एक धडा होतो. पहिल्या दिवशी चौकटीविना, हाताने, एक लहानसा सर्व्हर लिहून पाहावा. त्यामुळे विनंती आणि उत्तर यांचे उघडे रूप दिसते. नंतर डॉक्टरांची यादी दाखविणारे साधे पान नव्या चौकटीत न्यावे, मग वेळ नेमण्याचे अवघड पान, आणि अहवालांचे सर्वांत जोखमीचे पान शेवटी.

प्रत्येक पान नेण्यापूर्वी जुन्या पानाचे वर्तन चाचण्यांत नोंदवून ठेवणे अगत्याचे असते, आणि येथे अनुभवी प्रोग्रॅमरची खरी किंमत कळते. जुन्या आज्ञावलीत एखादी चमत्कारिक ओळ सापडते : अमुक विभागास दुपारी एक ते दोन वेळ देऊ नये. नवा मुलगा ती निरर्थक समजून खोडावयास निघतो. शेजारी बसलेल्या पन्नाशीच्या बाईंना मात्र ठाऊक असते, की त्या तासात तेथील उपकरण स्वच्छ केले जाते. नवी चौकट नवा मुलगा लवकर शिकतो. रुग्णालय त्या बाईंना माहीत असते. म्हणून दोघांना एकाच संगणकापुढे बसवावे. जुन्या चौकटीबरोबर तिची माणसेही जुनी झाली असे मानणारी संस्था आपली पंधरा वर्षांची स्मृती फेकून देते.

नव्या चौकटीलाही आयुष्याची मर्यादा आहे. एएसपी डॉट नेट कोअरच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीसदेखील तीनच वर्षे आधार मिळतो; त्यानंतर पुढील आवृत्तीकडे जावे लागते. एचएसआर लेआउटमधील ते कार्यालय आणखी काही वर्षांनी पुन्हा असाच वर्ग भरवील. त्या वर्गात, एक विनंती कोठून निघते, कोणाकोणापुढून जाते, कोठे थांबते आणि परत येताना काय घेऊन येते, हे ज्यांनी एकदा नीट पाहिले आहे त्यांना फार थोडे नव्याने शिकावे लागेल. आणि दरम्यानच्या काळात रुग्णालयातील नोंदणीच्या खिडकीशी आलेल्या माणसाला पडद्यामागे काही बदलले आहे, याचा पत्ताही लागलेला नसेल.