परदेशात शिकायला जायचे म्हणजे काय?



या सत्रात आमच्या कार्यालयात तीन-चार पालक एकच रंगीत पत्रक घेऊन आले. दहा दिवसांचा परदेश प्रवास, त्यात 'नेतृत्व विकास' व 'समाजकार्याचा अनुभव', शेवटी प्रमाणपत्र, आणि खर्च एवढा की मध्यम स्थितीच्या घराने दागिना मोडावा. शाळेने असा प्रवास घडवावा का, असे विश्वस्त मंडळानेही आम्हांस विचारले आहे. उत्तर देण्यापूर्वी, नेतृत्व आणि समाजाची उन्नती शिकण्यासाठी आपली माणसे परदेशी गेली ती कशी गेली, हे सर्वांपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. महू, ज्याचे नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे, धारहून मोटारीने दीड तासाच्या आत येते. तेथील छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिकवीत. आम्हां शिक्षकांना या गोष्टीचा थोडा जास्तच अभिमान वाटतो, तो वाचकांनी समजून घ्यावा.

१९१२ मध्ये भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. पुढे शिकण्यास घरी पैसा नव्हता, आणि १९१३ च्या फेब्रुवारीत वडीलही वारले. त्या वेळी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज यांनी शिष्यवृत्ती दिली : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. आपले पवार, होळकर, शिंदे तसेच हे गायकवाड, परप्रांतात रुजलेले मराठी घराणे. पण ही देणगी नव्हती. ४ जून १९१३ रोजी करार झाला की नेमून दिलेला अभ्यास करावा आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. जुलैत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांनी काय शिकले, हे मुलांनी नीट पाहावे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. या यादीत 'नेतृत्व' नावाचा विषय कोठेच नाही. सेलिग्मन यांच्याकडे ते सरकारी महसूल व कर शिकले, जॉन ड्यूई यांच्याकडे लोकशाही आणि शिक्षण यांचा विचार. १९१५ मध्ये एम. ए. झाले. त्यांचा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व अर्थव्यवस्थेवर होता. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला, तो आजही जगभर अभ्यासला जातो. म्हणजे हजारो कोस दूर जाऊन त्यांनी अभ्यास केला तो आपल्याच घराचा. दुरून घर अधिक स्पष्ट दिसते.

परतणे मात्र सोपे झाले नाही. लंडनचा अभ्यास अर्धा राहिला असता शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ मध्ये त्यांना यावे लागले. कराराप्रमाणे ते बडोद्यात नोकरीस गेले, पण त्या शहरात एवढ्या शिकलेल्या माणसाला भाड्याने खोली मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात राहिले, तेथूनही त्यांना हुसकावले गेले. कचेरीतील शिपाई कागद लांबून टाकीत. शेवटी ते मुंबईस परतले. मुलांना आम्ही हा भाग वगळून सांगत नाही. पदवी घेऊन आलेल्या माणसाचे गाव स्वागतच करील असा नेम नसतो. पुढे प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी. एस्सी. होऊन आले, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली, १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह केला. बडोद्याची दहा वर्षे भरली नाहीत, पण सयाजीरावांचे पैसे कोठे गेले हे देशाने पाहिले.

आणखी दोन नावे सांगतो. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मॅंचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करण्यास गेले. तेथे असताना गरीब वस्त्यांत चालणारे काम त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि 'सुबोध पत्रिके'तून ते येथल्या वाचकांना लिहून कळविले. १९०३ मध्ये परत आले, आणि तीन वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, मुंबईत अस्पृश्यांच्या मुलांसाठी काम करणारे मिशन उभे केले. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला व १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियात त्यांनी बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली, गावोगावी व्याख्याने दिली, बोस्टनमध्ये आपल्या कामासाठी साहाय्यक मंडळ उभे केले. परत येताच ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तकही लिहिले. या तिघांत कोणीही दहा दिवसांत परतले नाही, आणि परतल्यावर काम सुरू करण्यास कोणी फार वेळही लावला नाही.

आता आजच्या मुलांसाठी कोणते मार्ग आहेत ते पाहू. शालेय वयात रोटरीचा युवा विनिमय कार्यक्रम आहे. साधारण १५ ते १८ वर्षांची मुले-मुली दुसऱ्या देशात यजमान कुटुंबात राहून तेथील शाळेत जातात, मोठा कार्यक्रम जवळपास एका शालेय वर्षाचा असतो. राहण्या-जेवण्याची सोय यजमान करतात, विमानभाडे, विमा वगैरे पालकांचा. एन.सी.सी.च्या कॅडेटांसाठी निवडीने मित्रदेशांत जाण्याचा कार्यक्रम आहे, आणि त्यात घरच्यांच्या खिशापेक्षा कवायत व शिस्त यांना किंमत आहे. आपल्या शाळेतील मुलांनी याकडे अधिक लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते.

पदवीनंतर केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. ती मुख्यतः अनुसूचित जाती, तसेच विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठी, पदव्युत्तर आणि पीएच. डी. अभ्यासाकरिता दिली जाते. वर्षाला १२५ जागा, त्यांत ३० टक्के मुलींसाठी. २०२२ च्या नियमांत मात्र भारतीय संस्कृती, इतिहास व भारतीय समाज हे विषय तिच्यातून वगळले गेले. ज्या निबंधाचा वर उल्लेख केला, तशा विषयाला या नियमाने शिष्यवृत्ती मिळाली नसती, हे आम्हांस खटकते. मध्यप्रदेश शासनाच्याही परदेश अध्ययनाच्या योजना आहेत. पात्रतेच्या अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची सूचना वाचावी, कोणा एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये.

इंग्रजीचे भय पुष्कळांना असते. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली, त्यामुळे हे भय आम्हांस घरचे आहे. त्यावर रोज एक पान वाचून त्याचा सार आपल्या शब्दांत लिहिणे हा एकच उपाय आम्हांस उपयोगी पडला. व्याकरणाची पुस्तके कपाटातच राहिली.

एक गोष्ट विसरता कामा नये, हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये आपल्या देवासला थोरल्या पातीच्या महाराजांकडे सचिव म्हणून राहिले. येथल्या गोकुळाष्टमीचे त्यांचे वर्णन १९५३ च्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात आहे. परदेशी विद्यार्थ्याला सहा महिने आपल्या घरी ठेवून घेण्यास धारमधील दोन कुटुंबे जरी तयार झाली, तरी वरण-भात वाढता वाढता घरातील मुले कितीतरी शिकतील.

विश्वस्तांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : शाळेने त्या पत्रकातील प्रवास घडवू नये. तीच रक्कम थोडीथोडी गोळा करून एक निधी करावा, आणि त्यातून योग्य विद्यार्थ्याला परीक्षा-शुल्क, पासपोर्ट व मुलाखतीचे भाडे द्यावे. परत आल्यावर दोन वर्षे रविवारी शाळेत येऊन लहान मुलांना शिकवावे, एवढाच आपला करार. मंडळाच्या पुढील बैठकीत हा प्रस्ताव आम्ही मांडू. पालकांनी आपले मत लेखी द्यावे, विरोधात असल्यास अवश्य द्यावे.

तोवर घरी एक काम करून ठेवावे. मुलाचा जन्मदाखला, गुणपत्रिका आणि आधार यांवरील इंग्रजी नाव जुळवून पाहा. आपल्याकडे ही अडचण नेहमीची : ज्ञानेश हे नाव मराठी घरात डी-एन-वाय असे लिहितात आणि येथील कार्यालयात जी-वाय असे. आडनाव 'पवार' तर तीन प्रकारे लिहिलेले आम्ही एकाच घरात पाहिले आहे. दुरुस्तीचे अर्ज शाळेच्या कार्यालयात मिळतील, नववीच्या नोंदणीपूर्वी ते भरून द्यावेत.