बारा फ्रेमची मात्रा

नागपूरच्या धरमपेठेत एक तरुण अ‍ॅनिमेटर जुनी कार्टून आवाज बंद करून पाहतो, असं कळलं म्हणून त्याच्या खोलीवर गेले. मे महिन्याची दुपार, वाळ्याचा ओला वास. काम सुरू करण्याआधी त्याने कूलरच बंद केला. "याच्या घरघरीत मात्रा सुटते, ताई."

पडद्यावर 1947 चं 'द कॅट कॉन्चेर्टो'. टॉम पियानोवर संगीतकार लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतोय आणि आत झोपलेला जेरी हातोड्यांच्या माराने जागा होतोय. आवाज नाही, तरी या अ‍ॅनिमेटरची तर्जनी टेबलावर पडतेय. लहानपणी तबला शिकलेलं बोट ते. "आता विलंबित चालू आहे. द्रुत आलं की पाहा न त्याला, कसा तुटून पडून राहिला!" लिस्टची रचनाही तशीच आहे, आधी संथ, मग वेगवान.

हिशेब साधा. सेकंदाला 24 फ्रेम. अर्ध्या सेकंदाची मात्रा धरली, तर 12 फ्रेमला एक मात्रा. हे बारा तो सारखं म्हणत होता. फ्रेम मोजून संगीत बसवायची ही रीत जुनी. संगीतकार कार्ल स्टॉलिंग मूकपटांच्या थिएटरात ऑर्गन वाजवायचा. पुढे डिस्नेच्या 'द स्केलेटन डान्स'ला (1929) त्याने संगीत दिलं. वादकांच्या कानात ठरावीक फ्रेमला टिकटिक वाजवत ठेवायची पद्धत रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. ज्याला आपण पोरांची करमणूक म्हणून सोडून देतो, त्यामागे लयीची अशी कडक शिस्त आहे.

आपल्याकडेही ती होती. विजया मुळे यांचं 'एक अनेक और एकता' 1974 चं. अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं, संगीत वसंत देसाईंचं. दूरदर्शनवर ते पाहिलेल्यांना चिमण्यांचं जाळ्यासकट उडणं आजही चालीसकटच आठवतं. आता पुष्कळ ठिकाणी चित्रं आधी होतात आणि तयार संगीताचा तुकडा वरून चिकटवतात. पात्र पळतं, पण तालात पळत नाही. मला हे नुकसान मोठं वाटतं.

त्याचं स्वतःचं काम म्हणजे तराण्यावर धावणारी एक खार. मध्यलय त्रिताल, 16 मात्रांचं आवर्तन, म्हणजे 192 फ्रेम. समेवर खारीचा पाय फांदीवर पडायला हवा. त्याने तो नेमका समेवर ठेवला, पाहिला, मग दोन फ्रेम अलीकडे ओढला. "चित्र जरा आधी पडलं की डोळ्याला बरोबर समेवर वाटते." आवाज लावून दाखवलं. खरंच, पहिल्या वेळी पाय मागे राहिल्यासारखा वाटला होता, आता 'धा'वर चपखल बसला. तो मात्र समाधानी नव्हता; शेपटी अजून उशिरा येत होती. फ्रेमच्या शीटवर खोडून त्याने परत बारा मोजले.

तराणा पाच आवर्तनांचा, 40 सेकंदांचा. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 480 चित्रं, सगळी एकट्याने काढायची. शंभरेक झाली होती.