तारांखालच्या जमिनीचे मोल

उजेड शहराला आणि मनोरा गरिबाच्या शेतात, हा न्याय कोणता? झरी जामणीच्या कोलाम, गोंड बांधवांनी कायदा जाणून घ्यावा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ नुसार पारेषण कंपनीला १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार मिळू शकतात. मग जमीन संपादन न करताच मनोरा उभा राहतो. जून २०२४ च्या केंद्रीय सूचनांत मनोऱ्याच्या जागेला जमीनमूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई सांगितली आहे. परंतु वनहक्काची जमीन कायद्याने विकताच येत नाही. तिचे मूल्य ठरणार कसे? आमची मागणी स्पष्ट आहे : लगतच्या शेतीचाच दर तिला लावा. पारेषणाचा खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल होतोच. भरपाई ही कृपा नव्हे, हक्क आहे. बांधवांनो, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका!