न विसरणारे दप्तर

मुळशी तालुका एकच. परंतु पोलिसांच्या नकाशावर त्याची वाटणी झाली आहे. पौडचे ठाणे पुणे ग्रामीण अधीक्षकांच्या अखत्यारीत, तर हिंजवडीचे २०१८ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. चोराला मात्र या सीमेचे सोयरसुतक नसते. सारी भिस्त कागदी टपालावर असती, तर हिंजवडीत लांबवलेली मोटारसायकल ताम्हिणी घाट उतरून कोकणात पोचली, तरी तिची वर्दी टेबलावरच पडून राहिली असती.

ही अडचण देशव्यापी होती. म्हणूनच १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला आणि मुंबईवरील २००८च्या हल्ल्यानंतर, २००९ साली, देशातील पोलीस ठाणी संगणकाने जोडणाऱ्या ‘सीसीटीएनएस’ योजनेस केंद्र सरकारने २,००० कोटी रुपये मंजूर केले. एका ठाण्यातील फिर्याद, अटक, दोषारोपपत्र आता दुसऱ्या ठाण्यास दिसू शकते. ही सोय स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

तथापि संगणक सत्य जाणत नाही. त्याच्यात जे भरले जाते, तेवढेच तो जाणतो. याच मुळशीत १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. आपली जमीन राखू पाहणारे मावळे शेतकरी आणि त्यांचे पुढारी पांडुरंग महादेव बापट सरकारदरबारी गुन्हेगार ठरले. लोकांनी मात्र त्याच बापटांना ‘सेनापती’ म्हटले. फासेपारध्यांची कथा याहून विदारक. गुन्हेगार जमातींविषयीच्या १८७१च्या कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशयाची नजर गेली नाही. जुना पूर्वग्रह नव्या यंत्रात उतरला, तर तो एका ठाण्यापुरता न राहता देशभर पोचेल.

आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे तत्त्व न्यायालयात मानले जाते. दप्तरातही मानले गेले पाहिजे. २०२२च्या कायद्याप्रमाणे आरोपींच्या बोटांचे ठसे व अन्य मोजमापे ७५ वर्षे जतन होतात. पूर्वी शिक्षा न झालेला मनुष्य अंतिमतः निर्दोष ठरल्यास, न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल तर, ती नष्ट करण्याची तरतूदही त्यात आहे. परंतु ती मोजमापांपुरती; फिर्यादीतील नावाचे काय? शिक्षकाच्या नेमणुकीच्या वा कारकुनाच्या पासपोर्टच्या वेळी चारित्र्याची पडताळणी होते. तेव्हा अटकेची नोंद तत्काळ पुढे यावी आणि निर्दोष सुटकेची मागे राहावी, हा न्याय नव्हे.

उपाय अवघड नाही. अटक ज्या तत्परतेने नोंदवली जाते, त्याच तत्परतेने न्यायालयाचा निकाल त्याच नोंदीवर चढावा. आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे पाहण्याचा व चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क नागरिकास मिळावा. कागदाला वाळवी लागत असे. संगणकाच्या दप्तराला ती लागणार नाही. म्हणूनच काय पुसावे, याचा निर्णय आता माणसानेच घ्यावयास हवा.