काळ्या काठांचा देवमासा

पश्चिम ऑस्ट्रेलियातून देवमाशाच्या तोंडातल्या काही पट्ट्या लंडनला आल्या. त्यांच्या आधारे ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८४६ मध्ये एक नवी जात नोंदवली. पट्टी पिवळसर पांढरी आणि तिच्या बाहेरच्या कडेला, लुगड्याला असावा तसा गडद काठ. म्हणून नाव पडलं ‘मार्जिनाटा’, म्हणजे काठाचा. इंग्रजीत तो पिग्मी राइट व्हेल.

दात नसलेल्या देवमाशांत हा सर्वांत लहान. निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो, हा जेमतेम साडेसहा मीटर. वजन तीन टनांच्या आसपास. वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या बलीनच्या पट्ट्या म्हणजे त्याची गाळणी. पट्ट्यांच्या आतल्या कडेला बारीक तंतू असतात. पाणी बाहेर जातं आणि कोपेपॉडसारखे चिमुकले कवचधारी जीव तंतूंत अडकतात.

मला सर्वांत नवल वाटतं ते त्याच्या बरगड्यांचं. माणसाला १२ जोड्या, याला १७! शिवाय त्या रुंद आणि चपट्या, छपरावरची कौलं एकमेकांवर चढवावीत तशा रचलेल्या. छातीचा हा पिंजरा पार मागपर्यंत पोचतो. इतका भक्कम सांगाडा कशासाठी, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

त्याच्या कुळाचाही वाद आहे. न्यूझीलंडचे इवान फोर्डाइस आणि फेलिक्स मार्क्स यांनी २०१२ मध्ये कवटीच्या अभ्यासावरून मांडलं, की लाखो वर्षांपूर्वी संपलं असं समजल्या जाणाऱ्या सेटोथेरिड कुळाचा हा शेवटचा वारस आहे. जनुकीय अभ्यास मात्र त्याला निळ्या देवमाशाच्या गोतावळ्याजवळ नेऊन बसवतात.

आपल्या अरबी समुद्रात तो सापडत नाही. त्याचं घर दक्षिण गोलार्धातल्या थंड-समशीतोष्ण पाण्यात, साधारण ३० ते ५५ अंश दक्षिण अक्षांशांत. टास्मानिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर वाहून आलेल्या देहांमुळेच त्याची बरीचशी माहिती हाती आली. जिवंत दिसणं दुर्मीळ. त्याचा फवारा अगदी लहान आणि तो पाण्याबाहेर फार वेळ राहत नाही, शेपटीही सहसा वर काढत नाही. शिवाय लांबून पाहणारा त्याला मिंकी व्हेल समजून बसतो.

तरीही १९९२ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोकापासून खूप दूर दक्षिणेला, भर समुद्रात सुमारे ८० जणांचा कळप एकत्र पोहताना दिसला होता.