जन्मनोंदीतील चूक आणि मुलाचा पासपोर्ट

ज्या बालकाचा जन्म 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर झाला आहे, त्याच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता फक्त जन्मदाखला ग्राह्य धरला जातो, आणि तोही जन्म-मृत्यू निबंधकाने किंवा महानगरपालिकेसारख्या कायद्याने अधिकार दिलेल्या संस्थेने दिलेला असावा लागतो. केंद्र शासनाने फेब्रुवारी 2025 मध्ये पासपोर्ट नियम, 1980 मध्ये दुरुस्ती करून ही अट घातली. 1 ऑक्टोबर 2023 पूर्वी जन्मलेल्यांसाठी शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, वाहन परवाना असे पर्याय खुले आहेत. दाखल्याची सक्ती अगदीच नवी मात्र नव्हे. पूर्वीही 26 जानेवारी 1989 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मदाखला जोडावाच लागत असे. डिसेंबर 2016 मध्ये ती अट सैल करून इतर कागद चालू लागले, आणि आता लहान मुलांपुरती ती पुन्हा घट्ट झाली आहे. परिणामी नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वहीत राहून गेलेली एखादी किरकोळ चूक, जी एरवी वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही आली नसती, ती पासपोर्ट सेवा केंद्राच्या खिडकीवर अर्ज अडवून धरते.

परभणी जिल्ह्यात परदेशी नोकरीला गेलेल्या मुलाकडे नातवंडासह जाणारे आजी-आजोबा, उमरा यात्रेला लेकरांना सोबत नेणारी कुटुंबे आणि उच्च शिक्षणासाठी बाहेर पडणारे संसारी विद्यार्थी अशा अनेकांना मुलांचे पासपोर्ट काढावे लागतात. अशा वेळी दाखल्यातील दोष पासपोर्ट कार्यालयात दुरुस्त होत नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते. जन्मदाखला हा मूळ नोंदवहीचा उतारा असतो. त्यामुळे दुरुस्ती हवी असेल तर ती ज्या वहीत नोंद झाली त्या वहीतच व्हावी लागते आणि तिचे अधिकार त्या वहीच्या निबंधकाकडे असतात.

नोंद कोणत्या गावात?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 हा या व्यवहाराचा मूळ कायदा आहे. ग्रामीण भागात ग्रामसेवक, म्हणजे नव्या पदनामाप्रमाणे ग्रामपंचायत अधिकारी, निबंधकाचे काम पाहतो, तर शहरी भागात हे काम नगरपालिकेकडे आणि परभणी शहरात 2011 मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेकडे आहे. दवाखान्यात प्रसूती झाली तर खबर देण्याची जबाबदारी तेथील प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची असते, आणि घरी झाली तर कुटुंबप्रमुखाची. खबर 21 दिवसांत द्यायची असते, आणि 2023 च्या दुरुस्तीनुसार नोंद झाल्यापासून 7 दिवसांच्या आत पहिला दाखला विनामूल्य मिळायला हवा.

नोंद मात्र आईवडील राहतात त्या गावी होत नाही. बाळ जिथे जन्मले त्या ठिकाणी होते. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, ही रीत मराठवाड्यात अजून टिकून आहे. सासर पाथरीचे आणि माहेर जिंतूरचे असेल, तर बाळाची नोंद जिंतूरला होते, आणि बाळंतपण परभणीच्या दवाखान्यात झाले असेल, तर ती महानगरपालिकेच्या हद्दीत होते. काही वर्षांनी वडील पाथरीच्या कार्यालयात दाखला मागायला जातात आणि तिथे नोंदच सापडत नाही, तेव्हा नोंद राहून गेली असा त्यांचा समज होतो. गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांतून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांची अडचण आणखी मोठी असते. फडावरच्या कोपीत किंवा तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्रात जन्मलेल्या बाळाची नोंद त्या भागातील निबंधकाकडे असते, आणि हंगाम संपून कुटुंब गावी परतले की तो कागद आणायचा राहून जातो. कर्नाटकातील दाखला मिळाला तरी त्यावरील नावांचे रोमन लेखन कन्नड वळणाने झालेले असू शकते, त्यामुळे तो हाती आल्यावर आईवडिलांच्या आधार कार्डाशी ताडून पाहणे गरजेचे असते.

नाव नसलेला दाखला

सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे दाखल्यावर बाळाचे नावच नसणे. बारसे साधारणपणे बाराव्या दिवशी होते, म्हणजे कायद्याच्या 21 दिवसांच्या मुदतीत ते सहज बसते. पण दवाखान्यातून खबर त्याआधीच निघून गेलेली असते आणि नावाचा रकाना कोरा राहतो. नोंद झाली एवढ्यावर समाधान मानले जाते आणि नंतर नाव कळवायला कोणी जात नाही. अधिनियमाच्या कलम 14 नुसार आई, वडील किंवा पालक निबंधकाला नाव कळवू शकतात. महाराष्ट्राच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे पहिल्या 12 महिन्यांत हे काम विनाशुल्क होते आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून करता येते. एकदा नोंदवलेले नाव मात्र आवड बदलली म्हणून बदलून मिळत नाही, म्हणून पाळण्यातले नाव आणि व्यवहारातले नाव वेगळे ठेवणाऱ्या घरांनी कोणते नाव कळवायचे हे आधी ठरवावे.

नाव आहे, पण जुळत नाही

नाव असूनही अर्ज अडतो तो प्रामुख्याने आईवडिलांच्या नावांमुळे. माहेरी भरलेल्या खबरीच्या फॉर्मवर आईचे नाव माहेरच्या आडनावासह येते, तर तिचे आधार कार्ड सासरच्या आडनावाचे असते. लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची प्रथा ज्या घरांत पाळली गेली आहे, तिथे फॉर्मवर सुनीता आणि आधारवर अनुराधा असा पूर्ण फरक पडतो, आणि दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत हे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी अशा कागदांनी दाखवावे लागते. वडिलांच्या बाबतीत मराठवाड्याची खास अडचण म्हणजे नावापुढची आदरार्थी जोड: एका कागदावर बालाजी, दुसऱ्यावर बालाजीराव, तर तिसऱ्यावर बालाजी माणिकराव. ऐकणाऱ्याला हा फरक वाटत नाही, पण संगणकाला ती वेगवेगळी नावे असतात.

मुस्लिम कुटुंबांत शेख, सय्यद, पठाण ही आडनावे स्थानिक वहिवाटीप्रमाणे कधी नावाच्या आधी तर कधी शेवटी लिहिली जातात, मोहम्मदचे 'मो.' असे संक्षिप्त रूप होते, आणि आईच्या नावात बी किंवा बेगम कधी असते, कधी नसते. पासपोर्टच्या अर्जात 'स्वतःचे नाव' आणि 'आडनाव' असे दोन स्वतंत्र रकाने असल्यामुळे कोणता शब्द कोणत्या रकान्यात जातो याला महत्त्व येते. त्याशिवाय रोमन लेखनाचा प्रश्न सर्वांनाच भेडसावतो. ज्ञानेश्वर हे नाव मराठी उच्चाराप्रमाणे 'डी-एन-वाय' या अक्षरांनी सुरू होते, पण हिंदी उच्चाराची सवय असलेला टंकलेखक तेच 'जी-वाय' ने सुरू करतो. दाखल्यावर मराठी नाव बिनचूक असूनही इंग्रजी ओळीत अशी चूक असू शकते, आणि पासपोर्टवर नाव रोमन लिपीत उतरत असल्यामुळे तिथे नेमकी हीच ओळ पाहिली जाते.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. त्यामुळे एकाच घरातील थोरल्या आणि धाकट्या भावंडांच्या दाखल्यांत नावाची रचना वेगळी दिसू शकते. ती चूक नाही. मात्र धाकट्याचा अर्ज भरताना थोरल्याच्या पासपोर्टची नक्कल न करता त्याच्या स्वतःच्या दाखल्यावर आहे तसेच नाव लिहावे लागते.

दुरुस्ती कशी होते

दुरुस्तीची तरतूद अधिनियमाच्या कलम 15 मध्ये आहे. नोंद चुकीची आहे किंवा गैरमार्गाने झाली आहे अशी निबंधकाची खात्री पटली, तर तो ती दुरुस्त किंवा रद्द करू शकतो. मात्र मूळ नोंद खोडली जात नाही, बाजूच्या समासात दुरुस्तीचा शेरा लिहून त्यावर सही व तारीख घातली जाते. अक्षर चुकणे, वेलांटी राहणे अशा लेखनिक चुका निबंधक कागदपत्रे पाहून दुरुस्त करतो. आशयाची चूक असेल, म्हणजे आईचे नाव, जन्मतारीख किंवा लिंग यांची नोंदच वेगळी झाली असेल, तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वसनीय व्यक्तींचे निवेदन आणि त्यासोबत दवाखान्याची कागदपत्रे लागतात. डिस्चार्ज कार्ड, माता व बाल संरक्षण कार्ड आणि लसीकरणाची नोंद हे कागद अशा वेळी कामी येतात, कारण ते जन्माच्या सुमारासच तयार झालेले असतात. नंतर काढलेल्या आधार कार्डाचे वजन त्यांच्याइतके पडत नाही.

इथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. राजपत्रात नाव बदलाची जाहिरात देणे हा बदल आहे, दुरुस्ती नव्हे. जन्माच्या वेळी जी वस्तुस्थिती होती ती नोंदवही सांगते, आणि पुढे झालेला बदल तिच्यात आपोआप उतरत नाही. एजंटच्या सांगण्यावरून आधी राजपत्राचा खर्च करून नंतर निबंधकाकडे जाणाऱ्यांचा पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात.

जन्माची नोंद मुळातच झाली नसेल, तर वाट लांबते. 21 दिवसांनंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. 30 दिवसांनंतर एका वर्षाच्या आत वरिष्ठ प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटल्यावर पूर्वी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागे; 2023 च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. आदेश मागण्यापूर्वी संबंधित निबंधकाकडून नोंद उपलब्ध नसल्याचे, म्हणजे अनुपलब्धतेचे, प्रमाणपत्र घ्यावे लागते. बनावट पुराव्यांवर उशिराच्या नोंदी झाल्याच्या तक्रारींमुळे राज्य शासनाने मार्च 2025 मध्ये या प्रक्रियेचे निकष कडक केले, त्यामुळे अशा अर्जांची छाननी आता बारकाईने होते आणि खऱ्या अर्जदारालाही पुराव्यांची जुळवाजुळव नीट करावी लागते.

खिडकीवर जाण्यापूर्वी

अल्पवयीन मुलाच्या अर्जासोबत दोन्ही पालकांच्या संमतीचे परिशिष्ट 'ड' जोडायचे असते, आणि एकाच पालकाची संमती उपलब्ध असेल तर परिशिष्ट 'क'. एकट्या आईसमोरचा प्रश्न बऱ्याचदा त्याआधीच, दाखल्याच्या टप्प्यावर उभा राहतो. त्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2015 मध्ये स्पष्ट केले आहे की एकल किंवा अविवाहित मातेने शपथपत्र दिल्यास तिच्या अपत्याचा जन्मदाखला दिला गेला पाहिजे. वडिलांचे नाव नाही म्हणून दाखला नाकारणे या निर्णयाशी विसंगत ठरते.

कागदपत्रे कोणत्या क्रमाने दुरुस्त करावीत, यावरही बरेच काही अवलंबून असते. आजी-आजोबांच्या पिढीत शाळेच्या हजेरीपटावर गुरुजींनी लिहिलेली 1 जून ही तारीख आयुष्यभराची जन्मतारीख झाली. आता शाळा, आधार आणि पासपोर्ट हे तिघेही जन्मदाखल्यावरून तारीख व नाव उतरवून घेतात. म्हणून आधी आईवडिलांची आपसातली कागदपत्रे एका लेखनात आणावीत, त्यानंतर जन्मनोंद दुरुस्त करून संगणकीकृत नवा दाखला घ्यावा, त्याच्या आधारे बाळाचे आधार कार्ड सुधारावे आणि शेवटी पासपोर्टची वेळ घ्यावी. वेळ आधी घेऊन नंतर दाखल्याच्या मागे धावणाऱ्यांना पासपोर्ट सेवा केंद्राच्या दोन फेऱ्या घडण्याची शक्यता असते.

निबंधकाने अर्ज अडवून ठेवला तर नागरिक हतबल नाही. जन्मदाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवा आहे, आणि निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध 30 दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते, ज्याचा निकाल 90 दिवसांत लागणे कायद्याने अपेक्षित आहे. मात्र त्यासाठी अर्ज लेखी असावा आणि त्याची पोच घेतलेली असावी. तोंडी विचारणेवर 'पुढच्या आठवड्यात या' असे उत्तर मिळाले, तर अपील कशाविरुद्ध करायचे हाच प्रश्न उरतो. या साऱ्या खटाटोपापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे पहिला दाखला हाती पडताच बाळाचे, आईचे आणि वडिलांचे नाव दोन्ही लिप्यांत वाचून पाहणे, कारण दवाखान्याचे कागद घरात असतात आणि नोंद ताजी असते तोवर समासातला एक शेरा पुरतो, आणि पाच वर्षांनंतर त्याच शेऱ्यासाठी साक्षीदार शोधावे लागतात.